लॉस बान्योसचा भात, इलोइलोची माती

मराठी वाचकाला मनिला हे शहर ठाऊक आहे ते मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा मानकऱ्यांत विनोबा होते, पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुख. मग जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे, बाबा आमटे, पांडुरंगशास्त्री आठवले, हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. विमान अपघातात गेलेल्या राष्ट्राध्यक्ष मॅगसेसे यांच्या नावाने फिलिपाइन्समध्ये आशियातल्या माणसांचा सन्मान सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत, जंगलांत खपणारी माणसे तिथे वेळीच ओळखली गेली. उलट दिशेने पाहिले तर आपली पाटी जवळजवळ कोरी आहे. फिलिपाइन्समधल्या एका तरी शास्त्रज्ञाचे नाव सांगा, असे विचारले तर चांगले वाचणारा मराठी माणूसही अडखळतो.

हे पुस्तक त्या अडखळण्यातून निघाले. फिलिपिनो शास्त्रज्ञांचा परिचय मराठीत कशाला, असा प्रश्न कोणी विचारील, म्हणून आधीच सांगतो, की त्यांचे काम आपल्या घरात कधीच येऊन पोहोचले आहे. घशाच्या दुखण्यावर डॉक्टर लिहून देतात त्या गोळीत ते आहे, तांदळाच्या नव्या वाणाची परीक्षा घेणाऱ्या प्रयोगशाळेत आहे आणि कोकणातल्या बागेतही त्याचा धागा सापडतो. काम समुद्र ओलांडून आले आणि नाव मागे राहिले. असे का होते, आणि नाव पोहोचवण्याच्या ज्या वाटा एखाद्या देशाला मिळतात त्यांचा उपयोग किती, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

गोळीपासूनच सुरुवात करू. फिलिपाइन्सच्या मध्यभागी विसाया बेटांच्या समूहात इलोइलो नावाचा प्रांत आहे. तिथे डॉ. आबेलार्दो अगिलार इलाय लिली या अमेरिकी औषध कंपनीसाठी काम करत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या प्रतिजैविकाच्या शोधात औषध कंपन्या जगभरातून मातीचे नमुने गोळा करत होत्या, कारण मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांना रोखण्यासाठी जी द्रव्ये तयार करतात त्यांतूनच स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे हाती लागली होती. अगिलारांनी १९४९ मध्ये इलोइलोची माती अमेरिकेला पाठवली. त्या मातीतल्या जीवाणूपासून कंपनीच्या संशोधकांनी एरिथ्रोमायसिन वेगळे केले आणि १९५२ मध्ये ते ‘इलोटायसिन’ या नावाने बाजारात आले. पेनिसिलिन ज्यांना सोसत नाही अशा रुग्णांसाठी ते वरदान ठरले. पुढे याच रेणूत फेरफार करून अ‍ॅझिथ्रोमायसिन तयार झाले, जे करोनाच्या काळात आपल्याकडे घरोघरी ऐकू आले. औषधाच्या नावात इलोइलो आले, अगिलार आले नाहीत. आपल्यालाही स्वामित्वधनाचा वाटा मिळावा, अशी मागणी त्यांनी केली. ती पुरी होण्याआधीच १९९३ मध्ये ते गेले.

यात कोणाचा किती हक्क होता, याचा निवाडा मी इथे करू शकत नाही. माती पाठवणे आणि त्यातून रेणू वेगळा करून त्याचे औषध बनवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला लागणारी यंत्रे, पैसा, माणसे इंडियानापोलिसमध्ये होती. पण नेमके हेच ध्यानात घ्यायला हवे. जिथे नमुना सापडतो तिथे प्रयोगशाळा नसेल, तर तिथल्या माणसाचा वाटा टपाल पाठवण्यापुरता उरतो. त्या काळात मनिलात तशी प्रयोगशाळा असती तर ही गोष्ट आपण वेगळ्या तऱ्हेने वाचली असती, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट आंब्याची आहे आणि मराठी वाचकाला ती सगळ्यांत जवळची वाटेल. आंब्याला मोहोर केव्हा येईल, येईल की नाही, यावर बागायतदाराचे वर्ष ठरते. एक वर्ष झाड लगडते, दुसऱ्या वर्षी रुसते. फिलिपाइन्सचे शेतकरी यावर धुराचा उपाय करत. झाडाखाली ओला पाला, गवत पेटवून दिवसचे दिवस धुरी द्यायची. खर्च मोठा, मेहनत मोठी आणि मोहोराची खात्री नाहीच. इलोकोस नोर्ते प्रांतात जन्मलेले, लॉस बान्योसच्या कृषी महाविद्यालयात शिकलेले आणि नंतर तिथेच शिकवणारे रामोन बार्बा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झाडावर पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करून पाहिली. शंभर लिटर पाण्यात साधारण एक किलो, म्हणजे एक टक्क्याचे द्रावण. आठवडा-पंधरवड्यात कळ्या फुटू लागल्या. पाने पक्व झालेल्या झाडाला हवा असलेला इशारा या साध्या क्षाराने दिला. शेतकऱ्याला आता मोहोराची वेळ ठरवता येऊ लागली. हंगामाबाहेर आंबा पिकू लागला, निर्यातीची गणिते बदलली.

बार्बांनी या पद्धतीचे पेटंट घेतले, पण शेतकऱ्यांकडून पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या कोणी पेटंट घेऊन शेतकऱ्याला अडवू नये यासाठी ते हवे होते. आमच्या कोकणातल्या हापूसला दरवर्षी मोहोर आणण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल वापरतात, ज्याला बागायतदार ‘कल्टार’ म्हणतो, आणि त्याची शिफारस दापोलीच्या विद्यापीठाने केली आहे. म्हणजे वाट वेगळी आहे, कारण जात वेगळी आणि हवामानही वेगळे. पण फळ वाटाण्याएवढे, मग गोटीएवढे, मग अंड्याएवढे झाले की गळ थांबवण्यासाठी आणि फळ पोसण्यासाठी एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी आपल्याकडेही करतात. रत्नागिरीच्या बागेत पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गड्याला बार्बांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. हे पुस्तक त्याच्या मालकाच्या तरी हाती पडावे, अशी माझी इच्छा आहे.

भाताबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात त्यावर मोठा लेख आहे. मनिलाच्या दक्षिणेला लॉस बान्योस येथे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली आणि १९६६ मध्ये तिने आयआर ८ हे बुटके, भरघोस पिकणारे वाण दिले. हरितक्रांतीच्या इतिहासात तिथे काम केलेले अमेरिकी, भारतीय शास्त्रज्ञ ठळकपणे येतात. डॉ. एम. एस. स्वामिनाथन हेही १९८० च्या दशकात या संस्थेचे महासंचालक होते. फिलिपिनो नावे मात्र सहसा तळटिपेत जातात. त्यांतले एक बिएनवेनिदो हुलियानो. भात मोकळा शिजेल की चिकट, हे बऱ्याच अंशी तांदळाच्या पिठूळ भागातल्या अमायलोज या घटकाच्या प्रमाणावर ठरते. हे प्रमाण आयोडीनच्या रंगावरून सोप्या रीतीने मोजण्याची पद्धत हुलियानोंनी १९७१ मध्ये मांडली आणि ती जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. नुसते उत्पन्न वाढून भागत नाही, घरातल्या माणसांना तो भात आवडायलाही हवा, हे आयआर ८ च्या खरखरीत भाताने शिकवले होते. हुलियानोंच्या कामाने त्या आवडीला मोजमाप दिले.

आता मानसन्मानाकडे वळू. फिलिपाइन्समध्ये शास्त्रज्ञाला मिळणारा सर्वोच्च सन्मान म्हणजे ‘राष्ट्रीय शास्त्रज्ञ’. १९७६ च्या डिसेंबरमध्ये, फेर्दिनांद मार्कोस यांच्या राजवटीत, एका अध्यादेशाने तो सुरू झाला आणि त्याच अध्यादेशाने राष्ट्रीय विज्ञान अकादमीही जन्माला आली. अकादमी शिफारस करते, राष्ट्राध्यक्ष सन्मान देतात. मानकऱ्याला निवृत्तिवेतन मिळते आणि मृत्यूनंतर राष्ट्रवीरांच्या दफनभूमीत जागा. १९७८ मध्ये पहिल्या मानकऱ्यांत हुआन साल्सेदो होते. पॉलिश केलेला तांदूळ खाऊन बेरीबेरीने मरणाऱ्या लोकांसाठी त्यांनी बातान प्रांतात जीवनसत्त्व घातलेल्या तांदळाचा प्रयोग केला होता. हुलियानो आणि बार्बा यांनाही हा सन्मान मिळाला. आंग्येल अल्काला यांना तो मिळाला, ज्यांनी १९७४ मध्ये सुमिलोन बेटाभोवतीचा समुद्र मासेमारीला बंद करून दाखवले की राखलेल्या पाण्यातले मासे वाढतात आणि बाहेरच्या कोळ्याच्या जाळ्यातही येतात. नंतर आपो बेटावर ते काम गावकऱ्यांनी स्वतःच्या हाती घेतले.

१९८० मध्ये हा सन्मान मिळवणाऱ्या पहिल्या महिला फे देल मुंदो. त्यांच्यावरचा लेख मी पुन्हा पुन्हा वाचला. १९३३ मध्ये मनिलातून वैद्यकीय पदवी घेऊन त्या अमेरिकेत शिकल्या, बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात काम केले. तिथे राहून नाव कमावणे सहज शक्य होते. त्या परतल्या. जपानी सैन्याने मनिलातल्या सान्तो तोमास विद्यापीठात परदेशी नागरिकांना डांबले, तेव्हा छावणीतल्या मुलांची देखभाल त्यांनी अंगावर घेतली. युद्धानंतर स्वतःचे घर विकून केसोन सिटीत मुलांचे रुग्णालय उभे केले. ज्या खेड्यांत वीज नव्हती तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी त्यांनी बांबूच्या दोन टोपल्यांची पेटी केली. एक टोपली दुसरीत ठेवायची, मधल्या जागेत गरम पाण्याच्या बाटल्या. १९७७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि दोन वर्षांनी तो जामखेडच्या आरोळे दांपत्याला मिळाला. गावातल्या साध्या बाईच्या हाती आरोग्याचे काम सोपवणारे हे दोघे आणि टोपलीतली पेटी करणारी ती डॉक्टर यांचे काम इतके जवळचे आहे, की ते एकत्र वाचायला हवे.

सगळ्यांना सन्मान गाठता आला नाही. मारिया ओरोसा यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी तो सुरू झाला. बातांगास प्रांतातल्या ताल गावची ही मुलगी १९१६ मध्ये अमेरिकेत शिकायला गेली, सुट्टीत अलास्कातल्या मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत राबली, अन्नरसायन शिकली आणि १९२२ मध्ये मायदेशी आली. टोमॅटो बाहेरून आणण्यापेक्षा आपल्या केळ्यांचे केचप करावे, कोंडा फेकण्यापेक्षा त्याची बेरीबेरीवर उपयोगी पडणारी बिस्किटे करावीत, सोयाबीनची पौष्टिक भुकटी करावी, विजेशिवाय चालणारी मातीची भट्टी करावी, असा त्यांचा सगळा व्यवहार होता. युद्धात त्या गनिमी फौजेत कॅप्टन होत्या. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी, मनिलाच्या लढाईत, तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचा जीव घेतला. केचप आजही तिथल्या प्रत्येक जेवणाच्या टेबलावर असते.

खऱ्या माणसांची नावे शाळेत पोहोचली नाहीत की त्यांची जागा दंतकथा घेतात. आगापितो फ्लोरेस नावाच्या फिलिपिनो विजेच्या कारागिराने ट्यूबलाइटचा शोध लावला, ही कथा तिथल्या पिढ्यान् पिढ्या शाळेत शिकल्या. तिला आधार नाही. ट्यूबलाइटचा इतिहास अनेक युरोपीय आणि अमेरिकी संशोधकांच्या कामातून गेला आहे आणि फिलिपाइन्सच्या विज्ञान अकादमीतल्या शास्त्रज्ञांनीच हे लोकांना समजावण्याचा प्रयत्न केला. मला या कथेवर हसू येत नाही. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनच्या आणि मग अमेरिकेच्या सत्तेखाली राहिलेल्या लोकांना आपल्यातही कोणी तरी मोठे केले आहे, हे ऐकण्याची भूक होती. बार्बा, ओरोसा, देल मुंदो खरे असताना ती भूक खोट्या कथेवर भागवावी लागली, हे वाईट झाले.

देशाबाहेर नाव पोहोचवण्याची एक वाट गेल्या काही दशकांत निघाली, ती प्रादेशिक आर्थिक संघटनांची. नोव्हेंबर १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य, म्हणजे अ‍ॅपेक, ही संघटना बारा सदस्यांनी सुरू केली. फिलिपाइन्स त्या पहिल्या बारांत होता. आज तिचे एकवीस सदस्य आहेत. त्यांना ‘देश’ म्हणत नाहीत, ‘अर्थव्यवस्था’ म्हणतात, कारण चीनबरोबर हाँगकाँग आणि तैवानही १९९१ मध्ये आत आले. भारत बाहेर आहे. आपण अर्ज केला होता, पण १९९७ मध्ये नव्या सदस्यांचे दार दहा वर्षांसाठी बंद झाले आणि नंतरही उघडले नाही. त्यामुळे आपल्या वर्तमानपत्रांत अ‍ॅपेकची बातमी येते ती नेत्यांच्या सामूहिक छायाचित्रापुरती. फिलिपाइन्सने मात्र दोनदा शिखर परिषद भरवली, १९९६ मध्ये अमेरिकी आरमाराने सोडलेल्या सुबिक बेच्या तळावर आणि २०१५ मध्ये मनिलात.

जकात आणि व्यापार हा या संघटनेचा मूळ धंदा. तिथले करार बंधनकारक नसतात, म्हणून अनेक अभ्यासक तिला गप्पांचा अड्डा म्हणतात. पण विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर तिने एक उपयोगी गोष्ट केली. २०११ पासून ‘अस्पायर’ नावाचा पुरस्कार चाळिशीच्या आतल्या शास्त्रज्ञासाठी सुरू झाला, रक्कम पंचवीस हजार डॉलर. प्रत्येक सदस्याने आपला एक उमेदवार पाठवायचा आणि त्या वर्षीचा विषय यजमानाने ठरवायचा. यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. राष्ट्रीय सन्मान बहुतेकदा आयुष्यभराचे काम झाल्यावर येतो, हा ऐन उमेदीत येतो. आणि लहान देशाला अमेरिका, जपान, चीन यांच्याइतकेच एक नाव पाठवता येते. सदस्यत्वाचा अर्थ इथे अगदी ठोस आहे: नाव पुकारले जाण्याचा हक्क. भारतीय तरुण शास्त्रज्ञाला ही रांग नाही.

२०१५ मध्ये यजमान म्हणून फिलिपाइन्सने आपत्तीचा धोका कमी करण्यात विज्ञान आणि समाज यांचे नाते हा विषय ठेवला. दुसरा कोणता विषय त्यांना सुचणार होता? दोनच वर्षांपूर्वी, ८ नोव्हेंबर २०१३ रोजी, हैयान वादळाने सहा हजारांहून अधिक माणसे नेली होती. वादळ येणार हे लोकांना ठाऊक होते. समुद्राचे पाणी भिंतीसारखे गावात शिरेल, हे त्यांना कळेल अशा शब्दांत पोहोचले नाही. याच देशाने त्याआधी हे काम उत्तम करून दाखवले होते. १९९१ च्या एप्रिलमध्ये शतकानुशतके शांत असलेल्या पिनातुबो पर्वतातून वाफ उसळू लागली, तेव्हा रायमुंदो पुनोंगबायान यांच्या नेतृत्वाखालची ज्वालामुखी संस्था अमेरिकी भूशास्त्रज्ञांबरोबर कामाला लागली. इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. ज्वालामुखी काय करू शकतो याची चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली. ती चित्रित करणारे क्राफ्ट दांपत्य त्याच वर्षी जूनमध्ये जपानमध्ये ज्वालामुखीतच गेले. १५ जूनला पर्वत फुटला, त्याच दिवशी वादळही आले, पावसात भिजलेल्या राखेने छपरे कोसळली, शेकडो माणसे दगावली. पण हजारो आधीच हलवली गेली होती आणि वाचली. न घडलेल्या मृत्यूंची मोजदाद अवघड असते, म्हणून अशा शास्त्रज्ञाचे श्रेयही लोकांच्या नजरेत भरत नाही. पुनोंगबायान २००५ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले, पाहणीच्या कामावर असतानाच.

हैयानच्या आधी वर्षभर ‘नोआ’ नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला होता, पूर आणि दरडींचे नकाशे व इशारे देण्यासाठी. त्याचे प्रमुख भूशास्त्रज्ञ माहार लागमाय. त्यांचे वडील आल्फ्रेदो लागमाय हे मानसशास्त्रातले राष्ट्रीय शास्त्रज्ञ. २०१७ मध्ये सरकारने प्रकल्पाचा निधी थांबवला, तेव्हा फिलिपाइन्स विद्यापीठाने त्याला आसरा दिला. परिषदेच्या व्यासपीठावर आपत्तिविज्ञानाचा गौरव करायचा आणि दोन वर्षांत त्याच कामाचा पैसा बंद करायचा, हे मला अजिबात पटत नाही. सन्मानाची सगळी चर्चा अखेर या खर्चाच्या ओळीपाशी येते. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का खर्च व्हावा, असे युनेस्को सांगत आली आहे. फिलिपाइन्स त्यापासून फार दूर आहे, आणि आपणही तिथे पोहोचलेलो नाही.

याचा परिणाम काय होतो, ते बाल्दोमेरो ओलिवेरा आणि लुर्देस क्रूस यांच्या गोष्टीत दिसते. ओलिवेरा अमेरिकेत डीएनए जोडणाऱ्या विकराच्या शोधात सहभागी होते. मायदेशी परतल्यावर त्या कामाची साधने मनिलात मिळेनात. तेव्हा त्यांनी हाताशी असलेली गोष्ट निवडली: फिलिपाइन्सच्या समुद्रातली शंकूच्या आकाराची विषारी गोगलगाय, जी हार्पूनसारख्या दाताने माशाला जागच्या जागी लुळे करते. लुर्देस क्रूस यांच्यासह त्यांनी ते विष उलगडायला घेतले. एकाच विषात मज्जातंतूंच्या वेगवेगळ्या दारांना कुलूप लावणारे अनेक रेणू निघाले. त्यांपैकी एकापासून झिकोनोटाइड हे तीव्र वेदनेवरचे औषध झाले आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मॉर्फिनची सवय लागते तशी याची लागत नाही. तोवर ओलिवेरांची प्रयोगशाळा युटा विद्यापीठात गेली होती. क्रूस २००६ मध्ये राष्ट्रीय शास्त्रज्ञ झाल्या, आणि त्यांनी बातानमधल्या मोरोंग येथील आयता आदिवासींसाठी विज्ञानाच्या आधारे उपजीविकेचे काम उभे केले. परदेशी गेलेल्या शास्त्रज्ञांना काही काळासाठी तरी परत आणावे, म्हणून ‘बालिक सायंटिस्ट’ योजना १९७५ पासून आहे. २०१८ मध्ये तिला कायद्याचे बळ मिळाले. ही योजना मला कोणत्याही पदकापेक्षा अधिक आशेची वाटते, कारण ती माणसाला काम करायला जागा देते.

या पुस्तकातले लेख काळाच्या क्रमाने नाहीत. अन्न, औषध, शेती, समुद्र आणि भूमी असे त्यांचे गट आहेत. व्यक्तींची नावे तिथे स्पॅनिश वळणाने उच्चारली जातात तशी ठेवली आहेत, म्हणून ‘ज्युलियानो’ऐवजी ‘हुलियानो’ दिसेल. सूत्रे आणि रसायनांची नावे शक्य तिथे मराठीत उलगडली आहेत, पण बागायतदार, कोळी आणि डॉक्टर जे शब्द रोज वापरतात ते तसेच राहू दिले आहेत. अनुक्रमणिकेत पहिला लेख मारिया ओरोसांवर आहे. ज्यांची आंब्याची बाग आहे त्यांनी मात्र खुशाल बार्बांपासून सुरुवात करावी. फवारणीची वेळ, पानांची पक्वता आणि द्रावणाचे प्रमाण यांची तपशीलवार माहिती त्या लेखाच्या उत्तरार्धात दिली आहे.